गैरहजेरीतला संसार : दोन देशांत घर असणाऱ्या वाचकांचे प्रश्न

दोन देशांत घर असलेल्या वाचकांनी रोजच्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन या सदरातून केले होते. विमानप्रवास, सामानाचे वजन, व्हिसा अशा विषयांवर पत्रे येतील अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात बहुतेक पत्रे त्या घराविषयी निघाली, ज्या घरात पत्रलेखक त्या क्षणी नव्हता. मी स्वतः गेली चौदा वर्षे अशाच विभागलेल्या संसारात आहे आणि माझाही अनुभव तोच आहे. आपण ज्या घरात असतो ते आपोआप चालते, आणि ज्या घरात नसतो त्याची व्यवस्था लावण्यातच सगळी शक्ती खर्ची पडते. म्हणून पुढील उत्तरे मुख्यतः गैरहजेरीच्या व्यवस्थेविषयी आहेत. कर आणि वारसा यांबाबतचे विवेचन सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. निर्णय घेण्यापूर्वी दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या सल्लागाराला आपली कागदपत्रे दाखवावीत, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही उभयता सहा महिने मूळ घरी आणि सहा महिने परदेशी, मुलीच्या घराजवळ घेतलेल्या छोट्या घरात राहतो. कुठेही असलो तरी नेमकी हवी ती वस्तू दुसऱ्या घरी राहिलेली असते. सगळे दोन-दोन घ्यावे, की सगळे सोबत वागवावे?

उत्तर : दोन्हीही करू नये. दोन्ही घरे तंतोतंत सारखी करण्याचा मोह सुरुवातीला प्रत्येकाला होतो आणि तो फार खर्चिक ठरतो, कारण सहा महिने न वापरलेली वस्तू बिघडते, कालबाह्य होते किंवा ती आपल्याकडे आहे हेच आपण विसरतो. माझ्याकडे एका घरात तीन शिवणाच्या कात्र्या निघाल्या आणि दुसऱ्या घरात एकही नव्हती.

रोज वापरात येणाऱ्या साध्या वस्तू, म्हणजे अंथरूण-पांघरूण, चपला, स्नानाचे साहित्य, घरातले कपडे, दोन्हीकडे असाव्यात. त्यांच्यासाठी पेटीत जागा अडवणे व्यर्थ आहे. ज्या वस्तूंवर तुमचे नाव किंवा तुमच्या शरीराचे माप आहे, म्हणजे ओळखपत्रे, चष्मा, कानाचे यंत्र, वैद्यकीय कागद, त्या नेहमी तुमच्यासोबत, हातातल्या पिशवीत असाव्यात. चष्म्याचा मात्र एक जुना जोड प्रत्येक घरी ठेवावा. उरलेल्या असंख्य वस्तूंबाबत ‘जी जिथे आहे ती तिथेच’ असे ठरवून टाकावे आणि दुसऱ्या घरी तिच्यावाचून राहण्याची सवय करावी. ही सवय लागायला साधारण दोन फेऱ्या जातात.

याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक कपाट उघडून त्याचे छायाचित्र काढणे. यादी लिहायचा उत्साह कोणालाही टिकत नाही, छायाचित्राला मात्र पाच मिनिटे पुरतात, आणि चार महिन्यांनी दुकानात उभे असताना ‘ती वस्तू तिकडे आहे का’ या प्रश्नाचे उत्तर खिशातच असते.

विजेच्या उपकरणांबाबत वेगळी सावधगिरी हवी. घरगुती वीज काही देशांत १०० ते १२७ व्होल्टची असते, तर बहुसंख्य देशांत २२० ते २४० व्होल्टची. बाजारात मिळणारा साधा अडॅप्टर केवळ पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. मोबाइलच्या आणि संगणकाच्या चार्जरवर ‘१००–२४०’ असे छापलेले असते, त्यामुळे ते कुठेही चालतात. इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र, पाणी तापवण्याची किटली यांचे तसे नसते. १२० व्होल्टसाठी बनवलेले तापणारे उपकरण २३० व्होल्टवर लावले, तर त्यातून जवळजवळ पावणेचारपट शक्ती वाहते आणि ते काही क्षणांत जळते. उलट दिशेने ते जळत नाही, पण कोमट होऊन बसते. वीजप्रवाहाची वारंवारताही कुठे ५० तर कुठे ६० हर्ट्‌झ असते. ६० हर्ट्‌झच्या विजेवर चालणारे जुन्या पद्धतीचे भिंतीवरचे घड्याळ ५० हर्ट्‌झवर लावले, तर दर तासाला दहा मिनिटे मागे पडते. तापणाऱ्या आणि फिरणाऱ्या वस्तूंचे स्थलांतर करू नये, एवढे लक्षात ठेवले तरी पुरेसे आहे.

प्रश्न : पाच महिन्यांनी घर उघडले, तेव्हा न्हाणीघरात असह्य दुर्गंधी होती आणि नळाला गढूळ, कोमट पाणी आले. घर बंद करताना आमचे काय चुकले?

उत्तर : दुर्गंधीचे कारण सहसा साधे असते. बेसिन, शौचकूप आणि मोरी यांच्या खालच्या नळीला एक वाक दिलेला असतो, त्याला प्लंबर ‘ट्रॅप’ म्हणतात. त्या वाकात साचलेले पाणी सांडपाण्याच्या वाहिनीतील वायू घरात येऊ देत नाही. घर बंद असताना ते पाणी हळूहळू आटते, दार उघडे पडल्यासारखे होते आणि वायू वर येतो. परत आल्यावर प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतले की काही तासांत वास जातो. निघताना ट्रॅपमधल्या पाण्यावर थोडे तेल सोडले, तर त्याचा थर तरंगत राहतो आणि पाणी आटण्याचा वेग कमी होतो. कमी वापराच्या न्हाणीघरातली जाळी लोक हमखास विसरतात आणि मग वास कुठून येतो ते शोधत बसतात.

कोमट पाण्याची गोष्ट मात्र अधिक गंभीर आहे. नळ्यांत आणि टाकीत साचून राहिलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. २० ते ४५ अंश सेल्सिअस हे तापमान त्यांना मानवते. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची मोठी साथ पसरली, तिचा माग काढताना हे जिवाणू सापडले, आणि त्या संघटनेच्या नावावरूनच त्यांचे नाव पडले. हा आजार सहसा पाणी पिण्याने होत नाही, तर पाण्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे आत गेल्याने होतो. म्हणजे थकून-भागून आल्यावर घेतलेली पहिली शॉवरची आंघोळ हीच खरी धोक्याची. वयस्कर माणसे, धूम्रपान करणारे आणि फुप्फुसाचा विकार असणारे यांनी तर ती टाळावीच. खिडक्या उघडाव्यात, शॉवरचे डोके काढून नळी बादलीत सोडावी, गार आणि गरम दोन्ही पाणी तुषार न उडू देता काही मिनिटे वाहू द्यावे, आणि गरम पाण्याची टाकी असल्यास ती ६० अंशांपर्यंत तापू द्यावी. आंघोळ त्यानंतर.

घर बंद करताना पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. नळाच्या तोंडाशी होणारी बारीक गळती घरात माणूस असताना तासाभरात लक्षात येते. माणूस नसताना तीच गळती खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचे छत उतरवते. कडाक्याच्या थंडीच्या देशात तर नळ्या रिकाम्याही कराव्या लागतात, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि धातूची नळीही फोडते. ती फुटते गोठताना, पण कळते बर्फ वितळल्यावर. फ्रिज पूर्ण रिकामा करून, पुसून, बंद करून त्याचे दार किंचित उघडे ठेवावे. बंद दारामागे बुरशी धरते.

आणखी एक गोष्ट पत्रात विचारलेली नाही, तरी सांगते. घराच्या विम्याचा करार काढून ‘घर रिकामे असल्यास’ या शीर्षकाखाली काय लिहिले आहे ते वाचा. अनेक देशांतील विमा कंपन्या सलग ३० किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त काळ घरात कोणी राहत नसेल, तर पाण्यामुळे झालेले नुकसान आणि चोरी यांची भरपाई नाकारतात, किंवा ठरावीक दिवसांनी कोणी तरी घर पाहून गेल्याची नोंद मागतात. वर्षानुवर्षे हप्ते भरून ज्या महिन्यांत विम्याची खरी गरज होती त्याच महिन्यांत तो लागू नव्हता, असे कळवणारी चार पत्रे या वेळच्या टपालात आहेत.

प्रश्न : मी दोन्ही देशांत सारखाच राहतो. मित्र म्हणतात, कुठेही १८३ दिवसांच्या आत राहिलास तर कुठेच कर लागणार नाही. हे खरे आहे का?

उत्तर : हे अर्धसत्य आहे, आणि या क्षेत्रात अर्धसत्य फार महाग पडते. १८३ हा आकडा वर्षाच्या निम्म्याहून किंचित अधिक असल्याने पुष्कळ देशांच्या कायद्यांत येतो, पण तो मोजण्याची रीत प्रत्येक देशाची वेगळी आहे. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे मध्यरात्री तुम्ही देशात होता की नाही यावर दिवस मोजला जातो. अमेरिकेत चालू वर्षाचे सगळे दिवस, मागील वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्यामागील वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश अशी बेरीज करतात. ती १८३ किंवा त्याहून अधिक झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस वास्तव्य असले, तर माणूस करापुरता रहिवासी ठरू शकतो. म्हणजे सलग तीन वर्षे प्रत्येकी १२० दिवस राहिल्यास बेरीज १८० होते, पण प्रत्येकी १२२ दिवस राहिल्यास ती थेट १८३ वर पोहोचते. वर्षातून चारच महिने राहणाऱ्याला हे स्वप्नातही वाटत नाही. याला अपवाद आहेत, काही व्हिसांवरचे दिवस मोजले जात नाहीत, पण अपवादाचा लाभ बहुधा अर्ज करून मागावा लागतो. आपोआप मिळत नाही.

दिवसांखेरीज इतर कसोट्याही असतात. दोन्ही देशांनी तुम्हाला आपापला रहिवासी मानले, तर दोघांमधील दुहेरी कर टाळण्याचा करार उपयोगी पडतो. असे बहुतेक करार ओईसीडी या संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले असतात. त्या नमुन्याच्या चौथ्या कलमात क्रमाने विचारले जाते, की तुमच्यासाठी कायम उपलब्ध असलेले घर कुठे आहे, दोन्हीकडे असल्यास तुमचे वैयक्तिक आणि आर्थिक हितसंबंध कुठे अधिक घट्ट आहेत, तेही ठरत नसल्यास तुमचे नेहमीचे वास्तव्य कुठे आहे, आणि मग नागरिकत्व कुठले. तरीही उत्तर निघाले नाही, तर दोन्ही देशांची कर खाती आपसात ठरवतात. मला या क्रमाचे नेहमी कौतुक वाटते. आपण स्वतःला विचारायला कचरतो ते प्रश्न कर खाते निर्विकारपणे विचारते. तुमच्या पत्रावरून दिसते, की कुटुंब, बँक आणि डॉक्टर हे तिघेही एकाच देशात आहेत. दिवस समसमान असले तरी दुसऱ्या कसोटीवर तराजू कुठे झुकेल, हे तुम्हालाही दिसत असेल.

कर आणि प्रवेश-परवाना यांची गल्लतही करू नये. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, अल्प मुदतीच्या मुक्कामासाठी ‘कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस’ हा नियम आहे. त्यात येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात, आणि ती १८० दिवसांची खिडकी रोज एका दिवसाने पुढे सरकते. महिन्यांचे गणित करून चालत नाही. तिथे स्वतःच्या मालकीचे घर असले, तरी केवळ त्यामुळे जास्त राहण्याचा अधिकार मिळत नाही. एक साधी वही करावी आणि प्रत्येक सीमापार प्रवासाची तारीख व वेळ लिहून तिकिटाची प्रत जपावी. दहा वर्षांपूर्वीचे दिवस कोणाच्याही स्मरणात नसतात आणि आता सर्व ठिकाणी पारपत्रावर शिक्का बसतोच असेही नाही.

प्रश्न : दुसऱ्या देशातील बँकेचा ओटीपी तिथल्या मोबाइल क्रमांकावर जातो आणि तो क्रमांक इथे चालत नाही. काय करावे?

उत्तर : तो क्रमांक बंद पडू देऊ नये, हे पहिले. न वापरलेले क्रमांक कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात, आणि मग तुमच्या खात्याचे निरोप अनोळखी माणसाच्या हाती जातात. दोन सिमांचा फोन घ्यावा, निघण्यापूर्वी त्या क्रमांकावर रोमिंग सुरू करून घ्यावे, आणि बँक देत असेल तर संदेशाऐवजी अ‍ॅपमधून सांकेतिक अंक मिळण्याची सोय स्वीकारावी. ही कामे त्या देशात असतानाच करावीत. क्रमांक बदलण्यासाठीही जुन्या क्रमांकावरचा ओटीपी लागतो, ही गंमत बाहेर पडल्यावरच कळते. आपला करविषयक रहिवास बदलला असेल तर तेही बँकेला कळवावे. ओईसीडीने २०१४ साली ठरवलेल्या पद्धतीनुसार शंभराहून अधिक देशांच्या यंत्रणा परक्या रहिवाशांच्या खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवतात.

प्रश्न : माझे पती परदेशी नोकरी करतात आणि दर तीन महिन्यांनी पंधरा दिवसांसाठी घरी येतात. आल्या दिवसापासून ते वस्तूंच्या जागा बदलतात, मुलांच्या अभ्यासाच्या आणि झोपण्याच्या वेळांवर मते देतात, आणि घडी बसेपर्यंत त्यांची परत जाण्याची वेळ होते. काही बोलले की म्हणतात, ‘हे माझेही घर आहे.’ त्यांचे चूक आहे असेही म्हणवत नाही.

उत्तर : त्यांचे चूक नाही, आणि तुमचेही नाही. म्हणूनच हा प्रश्न भांडून सुटत नाही. सोडून गेलेल्या माणसाच्या डोक्यात घर जसेच्या तसे थांबलेले असते, घर मात्र रोज थोडे पुढे सरकत असते. तीन महिन्यांत मुलाने जेवणाची जागा बदलली, तुम्ही किल्ल्यांचा खिळा दाराजवळ घेतला, शाळेची वेळ बदलली. यांतला एकेक बदल फोनवर सांगण्याइतका मोठा नसतो, म्हणून तो सांगितला जात नाही. मग दारात पाऊल टाकताच या न सांगितलेल्या बदलांची सगळी बेरीज त्यांच्या अंगावर येते. ते वस्तू जुन्या जागी ठेवतात तेव्हा तुम्हाला ती ढवळाढवळ वाटते. त्यांच्या मनात मात्र बहुधा एवढेच असते, की माझ्या आठवणीतले घर कुठे आहे. मी स्वतः हे केलेले आहे. परतल्यावर स्वयंपाकघरातला एक डबा मी चार वेळा उचलून पूर्वीच्या फळीवर ठेवला आणि घरातल्यांनी चारही वेळा तो गुपचूप खाली आणून ठेवला. पाचव्या वेळी मला कळले.

पहिला उपाय अगदी शारीरिक आहे. शरीराच्या आतले घड्याळ नव्या वेळेशी साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळते. ते मुळात चोवीस तासांहून किंचित लांब असल्याने पूर्वेकडे प्रवास केल्यास, म्हणजे दिवस आखडल्यास, जुळायला अधिक त्रास होतो. सहा-सात तासांचा फरक असेल, तर आल्यानंतरचा जवळजवळ पहिला आठवडा त्या माणसाची झोप, भूक आणि चिडचिड त्याच्या हातात नसते. पंधरा दिवसांतला निम्मा काळ असा जातो, हे आधीच धरून चालावे. पहिल्या चार दिवसांत मुलांची शिस्त, पैसे आणि नातेवाईक यांविषयी कोणतीही चर्चा करायची नाही, असे दोघांनी मिळून ठरवून पाहा. चर्चा टाळायची नाही, तिचा दिवस पुढे ढकलायचा, आणि तो दिनदर्शिकेवर लिहायचा.

दुसरे म्हणजे निर्णयांची वाटणी. रोजच्या चालण्याचे निर्णय, म्हणजे मुले कधी झोपतील, वस्तू कुठे राहतील, शिकवणी कुठली, हे जो तिथे राहतो त्याचे. तो घरात नसता तर घर चालले नसते, म्हणून हा अधिकार त्याचा. ज्या निर्णयांचे परिणाम पुढच्या फेरीपर्यंत आणि त्याच्याही पुढे टिकतात, म्हणजे शाळा बदलणे, कर्ज, शस्त्रक्रिया, घराची मोठी दुरुस्ती, ते दोघांचे. या दुसऱ्या गटातली गोष्ट त्यांच्या गैरहजेरीत ठरवून नंतर कळवली जात असेल, तर त्यांची कुरकुर रास्त आहे. ‘त्यांना कशाला त्रास’ या चांगल्या हेतूने आपण त्यांना हळूहळू पाहुणे करून टाकतो आणि मग ते पाहुण्यासारखे वागत नाहीत म्हणून रागावतो. तुमच्या पत्रात एका ठिकाणी हे घडल्यासारखे वाटते. गेल्या वर्षीची गळतीची दुरुस्ती त्यांना बिलावरून कळली, असे तुम्हीच लिहिले आहे.

त्यांना घरात त्यांची म्हणून एक जागा हवी, जिला ते नसताना कोणी हात लावत नाही. एक खण किंवा एक टेबल पुरते. आणि एक काम हवे, जे दूर राहूनही त्यांचेच असते. एका मुलाचा गणिताचा अभ्यास, वीजबिल किंवा विम्याची नूतनीकरणे ते तिथून करू शकतात. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी पडद्यासमोर बसून गणित सोडवून घेणारा बाप घरी आल्यावर झोपेच्या वेळांवरून वाद घालत नाही, असा माझ्या पाहण्यातला अनुभव आहे. नियम म्हणून सांगत नाही.

ठरलेल्या वेळेवरून आठवले. वर्षातून दोनदा या वेळा बिघडतात आणि घराघरांत विनाकारण रुसवे होतात. अमेरिका आणि कॅनडाचा बहुतेक भाग मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे नेतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतो. युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. त्यामुळे या दोन प्रदेशांतले अंतर वसंतात दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा नेहमीपेक्षा एका तासाने कमी असते. जगातले पुष्कळ देश घड्याळ हलवतच नाहीत. अशा देशातले घर आणि हलवणाऱ्या देशातले घर यांच्यातले अंतर वर्षाचे काही महिने एक असते, उरलेले महिने दुसरे. भेटीची वेळ नेहमी मुलांच्या घड्याळाप्रमाणे ठरवावी. मोठ्यांनी आपले गणित बदलावे.

प्रश्न : मला मधुमेह आणि रक्तदाब आहे. दोन देशांतले दोन डॉक्टर एकमेकांचे कागद वाचून गोंधळतात. एकाने माझी साखर ‘७’ लिहिलेली पाहून दुसरा दचकला.

उत्तर : तुमच्या दचकलेल्या डॉक्टरांचा दोष एककांवर टाकावा लागेल. रक्तातील साखर काही देशांत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तर काही देशांत मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. दुसऱ्या आकड्याला १८ ने गुणले की पहिला मिळतो. त्यामुळे ७ म्हणजे १२६. कोलेस्टेरॉलसाठी हा गुणक सुमारे ३८.७ आहे, म्हणजे प्रत्येक तपासणीचा वेगळा, त्यामुळे अंदाजाने गुणाकार करू नये. साखर मोजण्याचे घरगुती यंत्र मात्र एकच ठेवावे आणि प्रवासात सोबत न्यावे, म्हणजे तुमचे आकडे तरी एका भाषेत राहतील.

औषधांचे व्यापारी नाव देशागणिक बदलते, म्हणून चिठ्ठीवर मूळ द्रव्याचे नाव आणि मात्रा लिहून घ्यावी. ही नावे जगभर एक असावीत यासाठी जागतिक आरोग्य संघटना १९५० च्या दशकापासून त्यांच्या याद्या प्रसिद्ध करते, तरी काही जुने भेद राहिले आहेत. पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने मिळते आणि दम्याचे साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होते. नाव न कळल्याने एकच औषध दोनदा घेतले जाण्याचा धोका खरा आहे, विशेषतः पॅरासिटामॉलच्या बाबतीत, कारण त्याची अतिमात्रा यकृताला इजा करते.

औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत न्यावीत. एका देशात सहज मिळणारे औषध दुसऱ्या देशात निषिद्ध असू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर ती गोळी जपानमध्ये नेता येत नाही. झोपेच्या, तीव्र वेदनाशामक आणि अवधानाच्या विकारावरील औषधांबाबत तर जायच्या देशाच्या दूतावासाची माहिती आधीच पाहावी.

प्रश्न : दोन्ही घरांसाठी एकच मृत्युपत्र पुरेल का?

उत्तर : कायद्याने पुरू शकते, व्यवहारात वारसांचे हाल होतात. पुष्कळ देशांत स्थावर मालमत्तेला ती जिथे आहे तिथला कायदा लागू होतो. युरोपीय संघाच्या बहुतेक सदस्य देशांत १७ ऑगस्ट २०१५ पासून वेगळा नियम आहे. तिथे सर्वसाधारणपणे मृत व्यक्तीच्या शेवटच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशाचा कायदा संपूर्ण वारशाला लागू होतो, आणि मृत्युपत्रात तसे नमूद करून आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो. म्हणून अनेक सल्लागार प्रत्येक देशातील मालमत्तेसाठी स्वतंत्र मृत्युपत्र सुचवतात. तसे करताना एका वाक्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवा. मृत्युपत्राच्या छापील नमुन्यात ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत’ असे वाक्य असतेच. दुसऱ्या देशात बसून दुसरे मृत्युपत्र करताना ते तसेच राहिले, तर पहिले रद्द होते. तिथे ‘या देशातील मालमत्तेपुरती’ असे शब्द हवेत.

जन्म, विवाह आणि मृत्यूचे दाखले दुसऱ्या देशात दाखवताना, त्यांवरचा सही-शिक्का खरा असल्याचे सांगणारे ॲपॉस्टिल नावाचे प्रमाणपत्र बहुधा लागते. १९६१ च्या हेग करारात सामील असलेल्या देशांत ते मान्य होते. विवाहाच्या दाखल्यावर ते आजच करून ठेवावे. ज्या दिवशी त्याची गरज पडते, त्या दिवशी रांगेत उभे राहण्याची मनःस्थिती कोणाची नसते.

प्रश्न : बंद घराची किल्ली कोणाकडे ठेवावी? नातेवाईक दूर आहेत, शेजाऱ्यांवर भार टाकायला संकोच वाटतो.

उत्तर : जवळच्या नात्यापेक्षा जवळचे अंतर महत्त्वाचे. पाणी गळू लागल्यावर अर्ध्या तासात पोहोचू शकेल असाच माणूस हवा. संकोच वाटतो, कारण आपण किल्ली देतो आणि काम सांगत नाही. एका कागदावर पाण्याचा आणि विजेचा मुख्य बंद कुठे आहे, विमा कंपनीचा क्रमांक कोणता, किती खर्चापर्यंत तुम्हाला न विचारता दुरुस्ती करून घ्यावी, आणि घरात कधी यायची गरज नाही, हे लिहून द्यावे. पुष्कळ शेजाऱ्यांना भार वाटतो तो येण्याचा नसतो, आपल्या हातून काही चुकेल याचा असतो. खर्चाची रक्कम आधीच त्यांच्या हाती ठेवावी. आणि तुम्ही घरी असता ते महिने त्यांच्या उपयोगी पडावे, कारण तेही कधी तरी बाहेरगावी जातात.

किल्लीच्या तीन प्रती कराव्यात. एक शेजाऱ्यांकडे, एक त्याच देशातील दुसऱ्या कोणाकडे, आणि एक तुमच्या हातातल्या पिशवीत, पारपत्राच्या कप्प्यात. मोठ्या पेटीत नाही. एकदा माझी पेटी विमान बदलताना मागे राहिली, शेजारी लग्नासाठी परगावी गेले होते, आणि मी माझ्याच दारासमोरच्या पायरीवर कुलूप उघडणाऱ्या कारागिराची वाट पाहत चार तास बसले. त्याने येऊन पहिला प्रश्न विचारला, की हे घर तुमचेच आहे याचा पुरावा दाखवा. माझ्या ओळखपत्रावर दुसऱ्या घराचा पत्ता होता. तेव्हापासून या घराच्या वीजबिलाची एक प्रत त्या घरी आणि त्या घराच्या बिलाची एक प्रत इथे असते, आणि दोन्हींची छायाचित्रे फोनमध्ये.